एकच बिल, दोन रोजकीर्दी

आधीच सांगून टाकतो, बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की विकणाऱ्याची रोजकीर्दीतली एंट्री उलटी केली की झाली घेणाऱ्याची एंट्री तयार. अर्धं खरंय ते. पैशाची बाजू जुळते, मालाची बाजू जुळत नाही, आणि पेपरात काय नि ऑफिसात काय, गोंधळ होतो तो तिथेच.

एक व्यवहार धरू. १०,००० चा माल उधारीवर गेला, विकणाऱ्याला तो पडला होता ६,००० ला. पद्धत परपेच्युअल, म्हणजे स्टॉकचं खातं प्रत्येक व्यवहाराला हलतं. घेणारा काय लिहील? स्टॉक नावे (डेबिट) १०,०००, विक्रेत्याचं खातं जमा (क्रेडिट) १०,०००. सुटला तो. विकणाऱ्याला मात्र दोन एंट्र्या: ग्राहक नावे १०,००० आणि विक्री जमा १०,०००, ही विक्रीभावाने, मग विकलेल्या मालाची किंमत नावे ६,००० आणि स्टॉक जमा ६,०००, ही त्याला माल पडला त्या किमतीने. हा ६,००० चा आकडा घेणाऱ्याला कधी कळत नाही आणि कळायची गरजही नाही, त्याच्या वहीत त्या मालाची किंमत सुरू होते तीच १०,००० पासून.

आता त्यातला १,००० चा माल परत आला. घेणारा डेबिट नोट काढतो, म्हणजे 'एवढे तुमच्या नावे टाकले' असं कळवणारा कागद, आणि लिहितो विक्रेत्याचं खातं नावे १,०००, स्टॉक जमा १,०००. विकणारा क्रेडिट नोट देतो, म्हणजे 'एवढे तुमच्या खात्यात जमा केले' असा कागद, विक्री परत नावे १,०००, ग्राहक जमा १,०००, आणि इथे निम्मी मुलं पेन खाली ठेवतात. अरे, माल गोडाऊनमध्ये परत आलाय ना? मग स्टॉक नावे ६००, विकलेल्या मालाची किंमत जमा ६००. हजार नाही, सहाशे! पण हे कधी, तर माल पुन्हा विकण्यासारखा असेल तर. मोडकातोडका आला तर तो ६०० ला स्टॉकमध्ये धरायचा नाही, त्यातून जे वसूल होईल तेवढंच धरायचं. आणि माल घेणाऱ्याकडेच राहिला, नुसती किंमत कमी करून दिली, तर दुसरी एंट्री नाहीच, कारण माल हललाच नाही.

बिलावर अट आहे 'दोन दहा, नेट तीस', म्हणजे १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. सूट परतीनंतरच्या ९,००० वर, १८० होते, १०,००० वर नाही. घेणारा विक्रेत्याला ९,००० नावे टाकतो, बँक जमा ८,८२०, आणि उरलेले १८० स्टॉकलाच जमा, कारण त्याला माल तेवढा स्वस्त पडला. विकणारा बँक नावे ८,८२०, रोख सूट नावे १८०, ग्राहक जमा ९,०००, आणि ही सूट विक्रीतून वजा होते. ट्रेड डिस्काउंट, म्हणजे यादीतल्या किमतीवरची सूट, वेगळा हं, तो बिलातच वजा होऊन येतो, त्याची एंट्री कुठेच नाही. लोकांना वाटतं २ टक्के म्हणजे किरकोळ, पण ती सूट सोडून २० दिवस जास्त थांबायचं म्हणजे वर्षाला साधारण ३७ टक्के व्याज मोजण्यासारखं आहे, त्यामुळे बँकेचं कर्ज काढून सूट घेतली तरी बहुतेकदा परवडतं.

राहिलं गाडीभाडं. ते कोणाचं, हे बिलावरच्या एफओबी अटीवर ठरतं, म्हणजे मालाची मालकी कुठे बदलते ते सांगणाऱ्या अटीवर. एफओबी शिपिंग पॉइंट (माल निघतो ती जागा) असेल तर मालकी माल निघतानाच बदलते, भाडं घेणाऱ्याचं आणि ते त्याच्या स्टॉकच्या किमतीत जातं. ३०० भाडं दिलं तर त्याचा माल ८,८२० नाही, ९,१२० ला पडला. डेस्टिनेशन (माल पोचतो ती जागा) असेल तर मालकी पोचल्यावर बदलते, भाडं विकणाऱ्याचं, त्याच्या वहीत तो सरळ विक्रीचा खर्च, स्टॉकला हात लावायचा नाही. शिपिंग पॉइंट असूनही विकणाऱ्याने सोयीसाठी भाडं आधी भरलं तर ते ग्राहकाच्या नावे टाकून वसूल करायचं, पण त्यावर २ टक्के सूट मिळत नाही, ती फक्त मालावर.

ही एफओबीची अट वर्षअखेरीला फार महागात पडते. ३१ मार्च असो की ३१ डिसेंबर, गाडी रस्त्यात आहे, माल दोघांच्याही गोडाऊनमध्ये नाही. तेव्हा स्टॉक मोजणारा समोर दिसेल तेवढंच मोजतो, आणि शिपिंग पॉइंटचा माल असेल तर घेणाऱ्याच्या यादीतून तो गळतो, डेस्टिनेशनचा असेल तर विकणाऱ्याच्या. म्हणून मोजणीच्या आधी शेवटच्या दोन-चार दिवसांची बिलं काढून बसायचं, आणि प्रत्येकावरची अट वाचून मगच आकडा लिहायचा.