स्क्वेअर फुटाच्या रेटमध्ये बेल्ट कुठं बसतोय?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते घर बांधणाऱ्यांशी, म्हणजे ज्यांचं काम चालू आहे किंवा दिवाळीनंतर काढायचा विचार आहे त्यांच्याशी. आपल्या कोल्हापुरात पाचगाव, कळंबा, आर. के. नगर, उचगाव, जिकडं बघाल तिकडं कॉलम उभे राहिलेत, आणि त्या कॉलमवर चढलेली पोरं कुठली तर विजापूर-कलबुर्गीकडची, बिहार-झारखंडची, फरशी-ग्रॅनाईटला राजस्थानची. आपली पोरं आता बिगारी कामाला येत नाहीत हे आपण सगळेच म्हणतो, मग जी आलीत त्यांची काळजी कुणी घ्यायची एवढंच आजचं बोलणं.

मालक आणि ठेकेदार बसले की काय होतंय बघा. स्क्वेअर फुटाला रेट किती, सळई कुठली, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) प्लेटचं का प्लायचं, जिना धरलाय का सोडलाय. चहा दोनदा होतोय. पण वर कडेला उभं राहणाऱ्याला सेफ्टी बेल्ट कोण देणार, हे त्या बैठकीत निघतच नाही. आणि शेवटी आपण रेट दहा-वीस रुपयांनी तोडतो, खुश होतो, पण ठेकेदारानं ते पैसे कुठून काढायचे? सिमेंट-सळईतून काढता येत नाहीत, माल तुम्ही आणून देताय. मग परांचीच्या फळ्या कमी होतात, जाळी लागत नाही, आणि चार माणसांचं काम तिघांत उरकलं जातंय.

परवा एका साईटवर तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. सेंट्रिंग काढायचं चाललेलं, एक वीसेक वर्षांचा पोरगा पायात स्लिपर घालून कडेच्या बीमवर उभा राहून प्लेट ओढत होता. प्लेट अडकली होती, सुटली की माणूस मागं जाणार हे उघड दिसतंय. सेफ्टी बेल्ट साईटवर होता बरं का, खिळ्याला टांगलेला, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, साहेब घालून अडकवायचा कशाला? आणि खरंच होतं त्याचं! हुक अडकवायला कॉलमच्या सळीला बांधलेला दोर लागतो, तो नव्हताच. नुसता बेल्ट घालून काय उपयोग, माणूस बेल्टसकट खाली येणार.

आता तुम्ही म्हणाल कायदा आहे की. आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ सालचा होता, आता तो २०२० च्या सुरक्षा संहितेत घातलाय आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू केली. पण त्यात एक गोम आहे. स्वतःला राहायला बांधलेलं घर आधी १० लाखांपर्यंत कायद्याच्या बाहेर होतं, आता ती मर्यादा ५० लाख केली. दहापेक्षा कमी कामगार असले तरी बाहेरच. म्हणजे आपल्याकडचे बरेचसे बंगले, वरचा मजला वाढवायची कामं, यात कुठला इन्स्पेक्टर येणार नाही. विचारणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे मालक. माझ्या मते मोठ्या टॉवरपेक्षा ही दोन मजल्यांची घरंच जास्त बेवारशी आहेत.

बरं विचारायचं काय? वायरी बघा आधी. कटर मशीनला पिन नसते, दोन सोललेल्या वायरी सॉकेटात घालून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या असतात आणि खाली काँक्रीट पक्कं व्हायला मारलेलं क्युरिंगचं पाणी. मीटरजवळ एक आरसीसीबी बसवा, ३० मिलिअँपिअरचा, करंट गळायला लागला की क्षणात लाईन तोडतो, तुमच्या घराला नंतर तोच लागणार आहे, फक्त चार महिने आधी आणायचा. लिफ्टच्या डक्टवर प्लाय नुसता टाकून ठेवतात, रात्री उठलेला माणूस त्यावर पाय देतो, तो खिळे मारून पक्का करून घ्या. साईटवर वॉचमनचं कुटुंब राहत असेल तर पाण्याच्या टाकीला झाकण, कारण त्यांची बारकी पोरं तिथंच खेळत असतात.

पाया खोदताना तर फार जपायला लागतंय. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि सरळ उभा कापलेला खड्डा एका वळवानं सुद्धा ढासळतो. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन, छातीपर्यंत जरी गाडला तरी माणसाला श्वास घेता येत नाही. खड्ड्याच्या कडा उतरत्या ठेवायच्या, निघालेली माती काठावरच रचायची नाही, जेसीबी काठाला उभा करायचा नाही.

सिमेंटचं कुणी मनावरच घेत नाही. ओलं सिमेंट कातडी खातं, काँक्रीटच्या दिवशी अनवाणी उभ्या राहिलेल्या बायकांचे पाय संध्याकाळी बघा, बोटांच्या बेचक्यात भाजल्यासारखं झालेलं असतंय. गमबूट काही लाखाचे नाहीत. आणि ग्रॅनाईट कोरडं कापतात त्याची पांढरी धूळ, ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस, त्याला बरं करणारं औषध नाही, बऱ्याचदा टीबी समजून उपचार चालतात. कापताना पाण्याची धार सोडली तर निम्म्याहून जास्त धूळ जाग्यावर बसते, चिखल होतो म्हणून फरशीवाले टाळतात तेवढंच.

आणि सांगताना त्याच्या भाषेत सांगा हो. कन्नड पोराला मराठीत ओरडून काय कळणार, मान हलवतंय ते भीतीनं. मुकादमाची उचल अंगावर असते, नको म्हटलं तर हजेरी जाणार, म्हणून ते कुठंही चढतंय. स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून आपण सगळ्यांना मटणाचं जेवण घालतो, चांगली पद्धत आहे, त्याच दिवशी सकाळी कडेला कमरेएवढं बांबूचं रेलिंग बांधलं का तेही बघा. तरी कुणी पडलाच, तर चौघांनी हातपाय धरून रिक्षात कोंबू नका, मणका तुटला असला तर तिथंच कायमचा जातो, मान न हलवता ठेवा आणि १०८ लावा. करंट लागला असेल तर आधी मेन स्विच, मग माणूस.

शेवटचं एक काम. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साईट बदलत फिरणाऱ्याचं तिथंच अडतंय, ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतात. मोठं काम असेल तर तुमचा १ टक्का उपकर याच मंडळाकडं जातोय, मग त्याचा उपयोग तुमच्याच साईटवरच्या माणसाला होऊ दे. किती दिवस काम केलं ते तारखेसकट लिहून ठेवा, ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी त्याच्याकडून दाखल्यावर सही करून घ्या, आणि फोटो काढून कामगाराच्याच मोबाईलवर पाठवा, मूळ कागद पत्र्याच्या खोलीत पहिल्या पावसात भिजतोय. नमस्कार.