हे चित्र मला कशासाठी हवं आहे?

नमस्कार श्रोतेहो. आवडत्या कथेतल्या, मालिकेतल्या, गेममधल्या पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रं, म्हणजे फॅन आर्ट, जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. काही जण त्याच्याही पुढे जातात. चित्रकाराला ॲडव्हान्स देतात, रेफरन्स म्हणजे नमुना पाठवतात, कच्चं स्केच आलं की सूचना कळवतात आणि मनातलं चित्र काढून घेतात, म्हणजेच कमिशन देतात. ते कसं द्यायचं हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या क्षणाबद्दल. पैसे पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं: हे चित्र मला कशासाठी हवं आहे? पुन्हा सांगते. कसलं चित्र हवं, हा प्रश्न नाही. कशासाठी हवं, हा प्रश्न आहे.

कथा संपलेली असते आणि त्यातलं माणूस आपल्याला सोडवत नाही. लेखकाने ज्यांना दूर ठेवलं त्या दोघांना एकदा तरी शेजारी बसलेलं बघायचं असतं. हा हेतू मला फार जवळचा वाटतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कधी चित्रकाराला मदत व्हावी असं वाटतं, तेही उत्तम. पण कधी आपल्याकडे त्या पात्राची इतकी चित्रं झालेली असतात की पुढचं केवळ संच वाढवण्यासाठी घेतलं जातं. आणि कधी ते चार चाहत्यांनी बघावं, आपलं प्रेम त्यांच्याहून मोठं आहे हे त्यांना दिसावं, म्हणून घेतलं जातं. एकाच चित्रामागे हे सगळे हेतू एकत्र असू शकतात. त्यातला पुढे कोणता आहे, एवढं ओळखायचं.

आता एक गोष्ट सांगते. ही गोष्ट मला अतिशय प्रिय आहे. इटलीतल्या मांतुआ राज्याच्या प्रमुखाची पत्नी इझाबेला देस्ते हिने राजवाड्यात स्वतःसाठी एक छोटी खोली सजवायला घेतली होती. तिथे त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकारांची चित्रं तिला हवी होती. आंद्रेआ मांतेन्याची दोन चित्रं तिच्याकडे आली होती. मग तिने पेरुजिनोला गाठलं. 1503 सालच्या जानेवारीत फ्लॉरेन्समध्ये करार झाला, 100 सुवर्णमुद्रांचा.

विषय काय? प्रेम आणि शुचिता यांची लढाई. एका बाजूला प्रेमाची देवता व्हीनस आणि तिचा मुलगा क्यूपिड, दुसऱ्या बाजूला शुचितेसाठी लढणाऱ्या देवता पॅलास आणि डायना. देव सगळे ओळखीचे, ग्रीक-रोमन पुराणकथांमधले. प्रसंग मात्र कोणत्याही पुराणातला नव्हे. तो तिच्या पदरच्या एका विद्वानाने तिच्यासाठी रचलेला होता. श्रोतेहो, ओळखीची पात्रं आणि नवा प्रसंग! आपण आज जे मागतो तेच ती मागत होती.

आणि मागणी किती बारीक! पॅलासने क्यूपिडचा सोन्याचा बाण मोडलेला असावा, त्याचं चांदीचं धनुष्य तिच्या पायाखाली असावं. पॅलासचं ऑलिव्हचं झाड असावं, त्यावर घुबड बसलेलं असावं. सोबत एक रेखाटनही पाठवलं. करारात लिहिलं होतं की गर्दी वाटली तर गौण आकृत्या कमी केल्या तरी चालतील, पण स्वतःच्या मनाने काहीही वाढवायचं नाही. मांतेन्याच्या चित्राशेजारी हे लागणार, म्हणून आकृत्या जुळायला हव्यात. त्यासाठी तिने मांतेन्याच्या मुख्य आकृतीच्या उंचीएवढा दोरा मापून कागदाला गुंडाळून पाठवला. रेफरन्स याहून पक्का कुठला?

चित्र काही होईना. पत्रं जात राहिली, येत राहिली. मध्यस्थ पेरुजिनोच्या कामावर लक्ष ठेवून होते. (पत्रांचं नाव निघालं म्हणून सांगते, अशा व्यवहारात लिहून बोलावं. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं दोघांच्याही उपयोगी पडतं. त्या पत्रांमुळेच आज आपल्याला ही हकीकत कळते.) मग एक दिवस कळलं की पेरुजिनोने व्हीनस विवस्त्र काढली आहे, ती वस्त्रं नेसलेली हवी होती. इझाबेला नाराज झाली. तिचं म्हणणं होतं की एक आकृती बदलली तर सगळ्या गोष्टीचा अर्थच बिघडतो.

अखेर 1505 च्या जूनमध्ये चित्र पोचलं. तिने लिहिलं की रेखाटन चांगलं आहे, रंग चांगले आहेत, पण आणखी मेहनत घेतली असती तर तुमचाही मान वाढला असता आणि आमचंही समाधान झालं असतं. मांतेन्याच्या नितळ कामाशेजारी ते उणं दिसणार, हे तिला बोचत होतं. हे चित्र आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे.

त्याच सुमाराला तिने व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लिनीलाही असंच कथाचित्र मागितलं होतं. तो टाळत राहिला. पुढे पिएत्रो बेम्बो या कवीने तिला कळवलं की बेल्लिनीला बारीकसारीक अटी आवडत नाहीत, चित्रात मनासारखं हिंडण्याची त्याला सवय आहे. कथाचित्राऐवजी त्याने तिला येशूजन्माचं चित्र दिलं होतं, आणि ते मात्र तिला आवडलं.

इझाबेलाबद्दल मला आदर आहे. तिला कलेची खरी ओढ होती. पण पेरुजिनोकडून तिला पेरुजिनोची नजर हवी होती की फक्त त्याचा हात आणि त्याचं नाव? माझं मत स्पष्ट आहे. त्या करारात पेरुजिनोच्या नजरेला जागाच ठेवली नव्हती. म्हणून म्हणते, कमिशन देताना हे तपासा. मला त्याची नजर हवी आहे, की फक्त त्याचा हात? दोन्ही मागण्या रास्त आहेत. फक्त हात हवा असेल तर आधीच तसं सांगा आणि तसं काम आनंदाने करणारा चित्रकार शोधा. नजर हवी असेल तर दोरा मापून पाठवू नका.

आणि चाहत्याचं काम म्हणजे कमी दर्जाचं काम, हे मला मुळीच पटत नाही. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत फॅन आर्टिस्टसाठी वेगळा पुरस्कार 1967 साली सुरू झाला. त्या वर्षी व्यावसायिक चित्रकाराचा आणि फॅन आर्टिस्टचा, दोन्ही पुरस्कार एकाच माणसाला मिळाले, जॅक गॉनला. हात तोच होता. त्यामुळे जमवलेल्या चित्रावरची सही कापून ते पुढे पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. फाइलच्या नावातच चित्रकाराचं नाव घाला. ज्याच्या संग्रहात चित्रकारांची नावंच नाहीत, त्याने आपण पात्र जमवतो आहोत की चित्रं, हे स्वतःला नक्की विचारावं.

पुढचं कमिशन देताना एवढं करून बघा. जे बदलता कामा नये ते आधी लिहा: डोळ्यांचा रंग, गालावरचा व्रण, पात्राचं वय. बाकीचं चित्रकारावर सोडा. स्केच आलं की लगेच दुरुस्त्या पाठवू नका, एक रात्र जाऊ द्या. मग बघा, पात्र खरंच चुकलं आहे, की आपण ते वेगळं कल्पिलं होतं एवढंच? वेगळं असेल तर राहू द्या. चुकलं असेल तर बिनधास्त कळवा. तो तुमचा हक्क आहे, आणि रंग भरण्याआधी कळलं तर चित्रकारालाही ते बरंच असतं.