पोटातली चौदा, दंडातली दोन

(दृश्य: ग्रामीण रुग्णालय, सोमवारची ओपीडी. बाकावर आई आणि सात-आठ वर्षांचा मुलगा.)

कुत्रं चावलं म्हटलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस आजही विचारतं, "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागणार का?"

नाही. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती रेबीजची लस १९११ साली कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी तयार केली. दर खेपेला कित्येक मिली औषध कातडीखालच्या चरबीत सोडायचं, मग पोटाइतकी ऐसपैस जागा दुसरी कुठली? भारतात तिचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. धास्ती काही गेली नाही.

आताची लस दंडात, कातडीच्या आतच देतात. हा दंड बघा. सुई कातडीला जवळजवळ आडवी, टोकाची तिरकी बाजू वर. सिस्टर दट्ट्या दाबतात, पण तो सहजी पुढे जात नाही. तो अडतो, तेच हवं असतं. सरकन गेला, तर सुई खोल गेली; मग शेजारी पुन्हा टोचायचं. नीट जमलं की पांढरट फुगवटी उठते, वर संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं.

औषध किती? ०.१ मिली. तेवढंच दुसऱ्या दंडात. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. सगळं मिळून ०.८ मिली.

हीच लस स्नायूतही देतात. तेव्हा सुई काटकोनात आत जाते, दर वेळी अख्खी कुपी लागते, आणि खेपा पाच. कातडीत इतक्या थोडक्यात भागतं, कारण बाहेरून आलेलं काहीही पकडून लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे शरीराच्या संरक्षणाच्या ठाण्यांपर्यंत, नेणाऱ्या पेशी तिथे दाटीने असतात. स्नायूत त्या विरळ. मात्र फोडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. म्हणून गर्दीच्या दवाखान्याला कातडीतली पद्धत परवडते, एखाददुसरा रुग्ण येणाऱ्या डॉक्टरला स्नायूतली सोयीची.

"कमरेत द्या, दंड दुखतो," असं सांगणारे रोज भेटतात. इथे त्यांचं ऐकायचं नाही. तिथली चरबी जाड. लस त्यातच अडकली, तर संरक्षण कमी मिळतं. अगदी लहान मुलांना स्नायूतली लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात.

(दृश्य: मुलाचं बोट, साबणाचा फेस, वाहता नळ. पंधरा मिनिटं.)

याच्या बोटातून रक्त आलंय. लशीतून प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा तरी जातो, आणि विषाणू तोवर नसांच्या वाटेला लागू शकतो. म्हणून तयार प्रतिपिंडांचं सीरम थेट जखमेत आणि तिच्या कडेने भरायचं. बोटात जागा ती केवढी! थेंबाथेंबाने भरावं लागतं. सगळ्यात जास्त दुखतं ते हेच.

पोरगं रडून थकलंय. सिस्टर कार्डावर तारखा लिहितात.

"गुरुवारी परत या. दोन्ही दंडांत."

मुलगा डोळे पुसत विचारतो, "बोटात नाही ना?"

"बोटात नाही."