गाठीची कड कुठे संपते?

(दृश्य: सुरसागर, सकाळ. दांडिया बाजाराकडे निघालेली वर्दळ.)

बडोद्यातल्या मराठी घरांत आईशी मराठी आणि भाजीवाल्याशी गुजराती, हे कुणाला शिकवावं लागत नाही. समजा, अशाच एका घरातल्या शिक्षिकाबाईंना बोलता बोलता शब्द सापडेनासे झाले. एक दिवस फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पूर्ण काढता येईल ना?"

(दृश्य: पडद्यावर नेहमीचा एमआरआय.)

शिरेतून औषध दिल्यावर उजळलेला हा भाग लगेच नजरेत भरतो. पण त्याच्याभोवतीचा हा धूसर पट्टा नीट पाहा. यात सूज आहे, आणि गाठ ग्लायोमा जातीची, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून वाढलेली असेल तर तिच्या पेशीही आहेत. ग्लायोमा कवच धरून वाढत नाही. त्याच्या पेशी श्वेतद्रव्यातल्या, म्हणजे मेंदूच्या आतल्या तंतूंनी भरलेल्या भागातल्या, मज्जातंतूंच्या कडेकडेने पुढे सरकतात. चित्रात दिसते ती कड म्हणूनच गाठीची खरी कड नसते.

हे तंतू साध्या एमआरआयमध्ये वेगवेगळे दिसत नाहीत. ते दाखवतं पाणी.

मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत हलत असतात. मोकळ्या द्रवात ते सगळीकडे सारखेच जातात. तंतूंच्या जुडग्यात मात्र लांबीच्या दिशेने सहज सरकतात आणि आडवे जाताना अडतात. किमान 6 दिशांनी, प्रत्यक्षात बहुधा 30 किंवा त्याहून जास्त दिशांनी ही हालचाल मोजली, की प्रत्येक ठिकाणी तंतू कुठे वळले आहेत याचा हिशेब मांडता येतो. पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनी ल बिहान यांनी 1994 मध्ये हे गणित मांडलं. डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, म्हणजे डीटीआय, ते हेच. त्यासाठी वेगळं इंजेक्शन लागत नाही, यंत्रात काही मिनिटं जास्त पडून राहावं लागतं इतकंच.

(दृश्य: रंगीत तंतूंचा नकाशा.)

डावी-उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. हा निळा पट्टा हातापायांच्या हालचालीचा. ही हिरवी कमान भाषेची, आर्क्युएट फॅसिक्युलस. पाण्याची चाल किती एकमार्गी आहे, ते 0 ते 1 या आकड्यात सांगतात. गाठीजवळ हा आकडा उतरतो. कमान नुसती बाजूला ढकललेली असेल, तर ती वाचवून गाठ काढायला वाव असतो. पेशी तिच्यात शिरल्या असतील, तर गाठीचा काही भाग मागे ठेवायचा का, हा अवघड निर्णय समोर येतो.

इथे सावध राहायला हवं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नकाशात तंतू दिसला नाही, म्हणजे तो मेला असं नाही. सुजेच्या पाण्यामुळे मोजमाप बिघडतं आणि जिवंत तंतूही चित्रातून गायब होतात. चित्राच्या एका ठिपक्याची बाजू साधारण 2 मिलिमीटर; तेवढ्यात असंख्य तंतू एकमेकांना छेदून जातात. त्यात कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो आणि आधी काढलेला नकाशा तंतोतंत जुळत नाही.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. रुग्ण जागा आहे.)

म्हणून भाषेजवळची गाठ असेल तेव्हा अनेकदा रुग्णाला जागं ठेवून शस्त्रक्रिया करतात. सर्जन मेंदूच्या एकेका जागी सौम्य विद्युतप्रवाह देतात, समोर चित्रं धरली जातात आणि रुग्णाने नाव सांगायचं असतं; नाव अडलं, तर ती जागा भाषेची. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये काही जागी एकच भाषा अडते आणि दुसरी चालू राहते, असं आढळलं आहे.

बडोद्यातल्या आपल्या माणसांनी शस्त्रक्रियेआधीच हे बोलून घ्यावं. घरात मराठी, शाळेत गुजराती, हिशेब कुठल्या भाषेत, हे सर्जनना स्पष्ट सांगावं. चाचणीची चित्रं दोन्ही भाषांत आधी घोटून घेता येतील का, तेही विचारावं.