शिक्का आहे, डिंकही आहे

(गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बैलजोड्यांच्या शंकरपटाच्या गावात मोटारींच्या शर्यतीवर बोलायचं म्हणजे माझी पंचाईतच आहे. जोडी सुटल्यावर धुरकऱ्यानं कुठं घाई केली, कुठं चुकला, हे इथल्या दहा वर्षांच्या पोराला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी शाखा डाकघरात नोकरी केलेला माणूस. खरी मोटारशर्यत आजवर एकही पाहिली नाही. पाहिल्या त्या टपाल तिकिटांवरच.

या तिकिटांच्या छंदाची सुरुवात झाली गावातल्या एका काकूंमुळे. त्यांचा मुलगा इंग्लंडात. 2007 मध्ये त्याचं पाकीट आलं. तिकिटावर रेसची गाडी, कोपऱ्यात राणीचा चेहरा, आणि देशाचं नाव कुठंच नाही! ब्रिटन ते छापतच नाही. 1840 मध्ये पहिलं तिकीट त्यांनीच काढलं. तेव्हा दुसरा कोणी नव्हताच, नाव सांगायचं कोणाला? काकूंना म्हटलं, पाकीट मला देता का? म्हणाल्या, "घेऊन जा जी, चूल पेटवाले कामी आलं असतं."

गाडी होती व्हॅनवॉल, चालवणारा स्टर्लिंग मॉस. हा सहा तिकिटांचा संच. बाकीचे पाच ग्रॅहम हिल, जिम क्लार्क, जॅकी स्टुअर्ट, जेम्स हंट आणि नायजेल मॅन्सेल. हे पाचही कधी ना कधी विश्वविजेते झाले. मॉस मात्र 1955 ते 1958 सलग चार वर्षं दुसरा आला, पहिला कधीच नाही. तरी तो त्यांच्याच रांगेत आहे. तिकिटं निवडणाऱ्यांना दुसरा आलेला माणूस चालला, हे मला फार आवडलं.

मग सुटली हाव. एका विक्रेत्याकडून टपालानं शंभर तिकिटांचा पुडा मागवला, सगळी मोटारशर्यतीची. उघडला तर सगळी अरबी आखाताकडच्या मुलखातली: अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन, मनामा. हे मनामा बहरीनच्या राजधानीचं नव्हे, अजमानच्या ताब्यातलं डोंगराकडचं छोटं गाव. रंग असे की यात्रेतली खेळणी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात काळा शिक्का, कंपासनं काढल्यासारखा गोल. मी खूश. चिमट्यानं एक उलटं केलं आणि डोक्यावर हात मारला. मागं डिंक जसाच्या तसा!

आता तुम्हीच सांगा, तिकीट पाकिटाला लागलं, प्रवास झाला, पाण्यात भिजवून सोडवलं, तर डिंक राहील का? म्हणजे ते कोणत्याही पत्राला कधी लागलंच नव्हतं. छापखान्यातच शिक्का मारून पुड्यात भरलं. 1960 च्या दशकात तिथल्या लहान लहान अमिरातींनी बाहेरच्या व्यापाऱ्यांशी करार केले, आणि त्या गावांना दहा जन्मांत पुरली नसती एवढी तिकिटं छापली गेली. डिसेंबर 1971 मध्ये संयुक्त अरब अमिरात झाली, पुढं हा धंदा आटला. संग्राहक या तिकिटांना 'ड्यून्स' म्हणतात, वाळूच्या टेकड्या. माझ्या अल्बममध्ये त्यांची वेगळी पानं आहेत. फसलो म्हणून फेकायची कशाला?

ज्या तिकिटासाठी मी आजही रोज पोस्टमनची वाट पाहतो, ते मात्र मोनाकोचं. देश केवढा? दोन चौरस किलोमीटर! आपल्यातल्या बऱ्याच गावांचं शिवार याहून मोठं असेल. तिथं 1929 पासून शहराच्या रस्त्यांवरच शर्यत होते. पहिली जिंकली विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सनं, हिरव्या बुगाटीत. 1967 ची पंचविसावी. त्यानिमित्त मोनाकोनं रेसिंग गाड्यांचा देखणा संच काढला. आणि 7 मेच्या त्याच शर्यतीत लोरेंझो बांदिनीची फेरारी आदळली, पेटली. तीन दिवसांनी तो गेला. तिकिटं उत्सवासाठी छापलेली, त्यांना हे कुठलं ठाऊक? म्हणून मला कोरा संच नको. त्या मे महिन्याचा मोनाकोचा शिक्का असलेलं, कोणीतरी कोणाला तरी खरोखर पाठवलेलं पाकीट हवंय. अजून मिळालेलं नाही.

ब्राझीलनं आपल्या मोटारशर्यतपटू आयर्टन सेनावर तिकिटं काढली ती तो गेला त्याच वर्षी, 1994 मध्ये. अमेरिकेनं 2011 मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या शंभरीचं काढलं. त्यावर 1911 चा विजेता रे हॅरून आहे. बाकीच्यांसोबत गाडीत मेकॅनिक बसायचा, मागं कोण आलं ते सांगायला. हा एकटाच. इतरांनी तक्रार केली, तर यानं गाडीला आरसा लावला! आपल्या ट्रॅक्टरच्या आरशाची आठवण येते की नाही?

मघाशी कोणीतरी विचारलं, याचे पैसे किती येतील? भाऊ, माझ्या सगळ्या अल्बममधून एक बरी गाय येणार नाही. सांभाळायला मात्र गायीइतकंच पाहावं लागतं. पावसाळ्यात पानं चिकटतात, कसर लागते, मे महिन्यात तिकिटं पापडासारखी वळतात. आणि पाकिटावरून तिकीट कापू नका रे. गाव आणि तारीख पाकिटासकटच राहते.

दोन तिकिटं फिरवतोय, एक काकूंच्या मुलाच्या दुसऱ्या एका पाकिटावरून सुटून आलेलं, एक पुड्यातलं. उलटी करून पाहा आणि सांगा कोणतं कुठलं. चिमट्यानं धरा रे पोट्टेहो, आत्ताच संत्री खाल्लीत ना?