जुना आरसा घेताना आधी पाठ बघा

नमस्कार श्रोतेहो.

पेठेतला एखादा वाडा पाडायला काढला, की जुनं सामान घेणारे तिथे आधी पोचतात. सागवानी तुळया, दारं, कपाटं यांचा भाव ठरतो आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला आरसा त्याच हिशेबात टेम्पोत चढतो. मुंबईत एखादं इराणी हॉटेल बंद झालं, की तिथल्या भिंतींवरच्या भल्यामोठ्या आरशांची हीच गत होते. पुढे हे आरसे चोर बाजारात, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत नाहीतर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात उभे असतात. हल्ली तरुण जोडपी ते हौसेनं शोधत येतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. फक्त एक गोष्ट सारखी खटकते. बहुतेक जण समोर उभे राहतात, केस सारखे करतात, नक्षी बघतात आणि भाव विचारतात. माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, की दुकानदाराला आधी म्हणा, ‘चाचा, जरा पलटके दिखाओ.’ जुन्या आरशाची खरी माहिती त्याच्या पाठीवर असते.

प्रतिबिंब देतो तो काचेमागचा धातूचा पातळ थर. तो कोणता आहे यावरून आरशाचा काळ बऱ्यापैकी सांगता येतो. युरोपात काही शतकं एकच पद्धत चालत आली होती. कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजनाखाली कित्येक दिवस दाबून ठेवायची. हे काम करणाऱ्यांची अवस्था फार वाईट व्हायची. जर्मनीतलं फ्युर्थ हे गाव आरशांसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या कामगारांचे हात पाऱ्याच्या वाफांनी थरथरत, दात पडत. अडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी अशा कामगारांना तपासून १८६१ साली पाऱ्याच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधीच, १८३५ साली, युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञानं काचेवर रसायनांच्या मदतीनं शुद्ध चांदीचा थर चढवता येतो हे दाखवलं होतं. ही रीत कारखान्यांत रुळायला बराच वेळ गेला. एकोणिसावं शतक संपता संपता मात्र पाऱ्याचे आरसे मागे पडले आणि चांदीचे सगळीकडे झाले.

आता आरसा उलटा केल्यावर काय दिसतं ते सांगते. मागची फळी काढता येत असेल तर दुकानदाराकडूनच काढून घ्या. काचेची पाठ उघडी, राखाडी, कथलासारखी चमकणारी असेल आणि तिच्यावर रंगाचा हात नसेल, तर तो बहुधा पाऱ्याचा आरसा. पाठीवर लालसर, तपकिरी रंग दिलेला असेल, तर आत चांदी आहे आणि आरसा साधारण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतला. समोरूनही फरक जाणवतो. पाऱ्याच्या आरशातला चेहरा थोडा निळसर, थंड दिसतो, तर चांदीच्या आरशात ऊब असते.

पाऱ्याचा आरसा मिळाला तर तो मौल्यवान आहे, पण सांभाळून. तो कायम उभाच ठेवायचा, आडवा करायचा नाही, पाठ खरवडायची नाही, शेगडी किंवा गिझरजवळ लावायचा नाही. चौकटीच्या खालच्या कडेत चांदीसारखे गोल थेंब जमलेले दिसले, तर तो आरसा राहत्या खोलीसाठी घेऊच नका, मग तो कितीही सुंदर असो. आणि असे थेंब घरात कधी सांडलेच, तर व्हॅक्यूम क्लीनर किंवा झाडू अजिबात लावायचा नाही, त्यानं पारा हवेत पसरतो.

पाठीच्या फळीकडेही नीट बघा. जुन्या आरशामागे साध्या लाकडाच्या दोन-तीन फळ्या शेजारीशेजारी ठोकलेल्या असतात. फळ्यांच्या सांध्यांतून दमट हवा आत शिरते आणि बरोबर त्या सांध्यांच्या रेषेत चांदी काळवंडते. म्हणजे समोरून आरशात दोन उभ्या, फिकट काळ्या रेघा दिसल्या आणि मागे फळ्यांचे सांधे तिथेच निघाले, तर तो आरसा आणि ती चौकट अनेक दशकं एकत्र नांदली आहेत असं खुशाल समजा. हा पुरावा कारागिराला सहजी उभा करता येत नाही. हल्ली नव्या आरशाला तेजाब, म्हणजे ॲसिड, लावून ‘जुने’ डाग पाडतात. ते डाग मधोमध, सगळीकडे सारखे शिंपडल्यासारखे दिसतात. खरी झीज कडांपासून सुरू होते आणि खालच्या बाजूला जास्त असते, कारण ओल तिथे साठते. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर ते १९३० च्या दशकाच्या आधीचे नाहीत. प्लायवूडची पाठ असेल तर ती मागाहून बसवलेली, किंवा आरसाच तेवढा अलीकडचा.

अर्थात चौकट जुनी आणि काच नवी, असा आरसा घेण्यात काहीच गैर नाही. राजस्थानी झरोक्यात बसवलेले आरसे सर्रास असेच असतात. फक्त विकणाऱ्यानं तसं सांगावं आणि भाव चौकटीचा लावावा.

बाजारात एक शब्द तुमच्या कानावर पडेलच, ‘बेल्जियम’. जाड काचेचा, कडा तासलेला कुठलाही आरसा आपल्याकडे बेल्जियमचा ठरतो. याला आधार आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम काच निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक होता, शार्लरुआच्या परिसरात काचकामाचे कितीतरी कारखाने होते, आणि तिथली काच मुंबई बंदरात उतरत असे. पण इंग्लंड आणि फ्रान्सचीही उतरत असे. पाठीवर कागदी लेबल किंवा शिक्का असल्याशिवाय त्या शब्दापायी एक रुपयाही जास्त देऊ नका. त्यापेक्षा काच स्वतः तपासा. पांढरा कागद आरशाला टेकवा आणि खरा कागद व प्रतिबिंबातला कागद यांचा रंग ताडून बघा. जुन्या काचेत प्रतिबिंब किंचित करडं, पिवळट किंवा हिरवट दिसतं. मग दुकानातली ट्यूबलाइट आरशात धरा आणि मान हळूहळू हलवा. ट्यूबची रेघ कुठे वाकली, लहरली, तर काच जुन्या पद्धतीची असण्याची शक्यता मोठी. वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट काच बनवण्याचं पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीचं तंत्र १९५९ साली जाहीर झालं. या तंत्राची काच इतकी सपाट, की ती अशी लहरत नाही. शेवटी कडेवरून बोट फिरवा. हातानं तासलेली कड रुंद आणि उथळ असते, बोटाला जेमतेम कळते. यंत्राची कड अरुंद आणि तीव्र उताराची.

आता कोणता आरसा निवडावा? यात माझी आवड उघड सांगते. जागा असेल तर मी खुंटाळ्याचा आरसा घ्यायला सांगेन. वाड्याच्या ओसरीत किंवा चाळीच्या दाराशी असायचा तो, मधे आरसा, दोन्ही बाजूंना टोपी-छत्रीसाठी पितळी नाहीतर लाकडी खुंट्या. आजच्या फ्लॅटच्या दाराजवळच्या अरुंद बोळात तो चपखल बसतो आणि रोज उपयोगी पडतो. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह इथल्या आर्ट डेको, म्हणजे १९३० च्या दशकाच्या सुमारास गाजलेल्या शैलीतल्या, इमारतींतल्या घरांतून येणारे आरसे वेगळेच. त्यांना चौकट नसते, आकार गोल किंवा पंख्यासारखा, काचेवर घासून काढलेली नक्षी, आणि कधीकधी काचच गुलाबी-केशरी छटेची. या गुलाबी आरशात सावळा, गोरा, दमलेला, कुठलाही चेहरा छान दिसतो. मुंबईतल्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदान परिसरातल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, पण घरांच्या आतलं हे सामान नूतनीकरणात निघून भंगारात जातं. असा आरसा भंगारवाल्याकडे दिसला तर सोडू नका.

भिंतच शिल्लक नसेल तर फणेरपेटी शोधा. मराठी घरातल्या बायकांचा हा खासगी आरसा. साधारण फूटभर लांबीची शिसवी किंवा सागवानी पेटी, झाकण उघडून मागे टेकवलं की आत आरसा. खालच्या कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. कपाळाला आधी मेण लावायचं, मग त्यावर कुंकू कोरायचं, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. पेटी घेताना आरसा झाकणाच्या खाचेत सरकवून बसवलेला आहे की मागाहून डिंकानं चिकटवलाय ते बघा. आणि कप्पे हुंगून बघा. जुन्या मेणाचा, लाकडाचा वास बहुतेक पेट्यांत अजून असतो. कुंकवाचा लालसर डाग लाकडात मुरलेला असेल तर तो घासून काढू नका हो, पेटी कुणीतरी वापरली आहे याची ती खूण आहे.

सोनेरी चौकटींबद्दल थोडक्यात. खऱ्या सोन्याच्या वर्खाच्या चौकटीवर वर्खाचे चौकोन एकमेकांवर चढल्याच्या पुसट रेषा दिसतात आणि रंग उजळ राहतो. नुसती सोनेरी पूड फासलेली चौकट काळाबरोबर तपकिरी होते. वर्खाखाली खडू आणि सरस यांचा लेप असतो, त्यामुळे ओलं फडकं कधीही लावायचं नाही, लेप सुटून येतो. मऊ, कोरडा कुंचला पुरे.

काळे डाग पडलेला आरसा घ्यावा का, हे मला खूप जण विचारतात. घ्यावा. चांदी नव्यानं चढवून घेण्याचा मोह मात्र आवरा, कारण त्यासाठी जुना थर पूर्ण धुऊन काढतात आणि मग हातात उरते ती फक्त जुनी काच. चेहरा बघायला दुसरा आरसा आहेच ना घरात. तडा गेलेला आरसा घरात ठेवू नये असं आजी म्हणायची. त्याच्याशी मी सहमत आहे, कारण तड्यातून ओल आत जाते आणि तडा वाढत राहतो.

माप ठरवताना एक सोपा हिशेब आहे. स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, आपण कितीही लांब उभे असलो तरी. पाच फूट चार इंच उंचीच्या बाईला बत्तीस इंचांचा, खालची कड जमिनीपासून सुमारे तीस इंचांवर. घरात पाच फूट दहा इंचांचा माणूस असेल तर त्याच खालच्या कडेपासून अडतीस इंच उंचीत दोघांचं भागतं. मग सहा फुटी आरशासाठी कर्ज काढायचं कारण नाही.

वजनाचा विचार मात्र करायलाच हवा. सहा मिलिमीटर जाडीची तीन फूट बाय पाच फूट काच एकटीच वीस किलोच्या वर जाते, वर सागवानी चौकट. नव्या इमारतींतल्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा खिळा हे वजन पेलणार नाही. त्या भिंतीसाठीचे खास फास्टनर दोन ठिकाणी बसवून घ्या आणि खाली दोन लाकडी गुटके ठोका, म्हणजे भार तारेवर न येता गुटक्यांवर येईल.

जागा ठरवण्याआधी तिथे खुर्ची टाकून बसा आणि आरशात काय येणार ते बघा. खिडकी आली तर उत्तम, खोलीत उजेड दुप्पट वाटेल. कपडे वाळत घालायची दोरी आली तर जागा बदला. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळती राहील. पुसताना फवारा थेट आरशावर मारू नका. पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि चांदी तिथूनच काळी पडते. फडकं थोडंसं ओलं करायचं, पुसायचं, लगेच कोरडं करायचं.

परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांसाठी, किंवा ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी, एक महत्त्वाची गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचा आरसा लेकीच्या घरी न्यूजर्सीला पाठवायचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. आर्ट डेको काळातला, १९३० च्या दशकातला आरसा सध्या तरी त्या वयात बसत नाही.

आणि घरी आणताना आरसा टेम्पोत कधीही आडवा टाकू नका. उभा, कडेवर, दोन्ही बाजूंनी गोधड्या लावून, दोरीनं घट्ट बांधून आणा. आणल्यावर एका कागदावर पेन्सिलीनं लिहा, कुठून घेतला, कधी घेतला, कुठल्या घरातून आला होता असं दुकानदारानं सांगितलं. तो कागद मागच्या फळीवर चिकटवा, काचेच्या पाठीवर नको.

नमस्कार.