वेस्टफॉलचा रस्ता

[दृश्य: रात्र. केळीचा बाग, ठिबकच्या नळ्या, लांबवर सातपुड्याची काळी रेघ.]

चोपडा तालुका, मार्च महिना. शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची. ती आली की मोटर चालू करायची, वॉल फिरवायचे. तोवर झोपून चालत नाही. म्हणून माळ्यावर, पत्र्याखाली, एकवीस वर्षांचा हा शेतकरी खेळत बसला आहे.

[स्क्रीन: पिवळी शेतं, पवनचक्की, रस्त्याकडेला मोडकी गाडी.]

हे वेस्टफॉल, खेळातला एक मुलूख. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, आणि या जुन्या, क्लासिक रूपात ती गाडी अजून तिथेच मोडून पडली आहे. शेजारी फर्लब्रो नवरा-बायको उभे असतात. लुटारूंनी त्यांना स्वतःच्या शेतातून हाकललं. घोडी म्हातारी झाली आहे, उपाशी आहे. बाई एवढंच मागते: ओट आणून दे. आठ मुठी.

तो आठ मुठी गोळा करतो. शेतांत यंत्रमाणसं फिरतात, त्यांना चुकवत, नाहीतर त्यांच्याशी भिडत.

[कट: गोठा. म्हातारा बैल. आवाज फक्त रवंथाचा.]

लुटारू कोण? मूळचे गवंडी. स्टॉर्मविंड शहर त्यांनी पुन्हा बांधून दिलं आणि सरदारांनी त्यांची मजुरी बुडवली. ही हकीकत हिंडताना हाती येते, इथे थोडी, तिथे थोडी. ती माग काढत डेडमाइन्सच्या खाणीत नेते, आणि खाणीच्या तळाशी, डोंगराच्या पोटात, एक जहाज उभं असतं.

[स्क्रीन: जहाज. पाच सेकंद, निवेदन नाही.]

इथवर यायला वीसेक लेव्हल लागतात. साठपर्यंत, म्हणजे या क्लासिकच्या टोकापर्यंत, जायचं तर नवख्याचे दीडशे-दोनशे तास सहज जातात. चाळिसाव्या लेव्हलला घोडा मिळतो, तोही सोनं साठवून. तोवर पायी.

हा रस्ता पैसे भरून ओलांडता येतो. त्याला बूस्ट म्हणतात. मार्च २०१४ मध्ये खेळाच्या कंपनीने, लेव्हल साठच्या पुढे गेलेल्या तेव्हाच्या खेळात, नव्वदाव्या लेव्हलचा बूस्ट ६० डॉलरला विकायला काढला. लेव्हल चढवण्याचं मोल कमी होऊ नये म्हणून किंमत मुद्दाम चढी ठेवली, असं तेव्हा तिच्याच लोकांनी सांगितलं होतं. म्हणजे मोल आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. पुढे मे २०२१ मध्ये क्लासिकमध्येही बूस्ट आला: थेट ५८वी लेव्हल, सुमारे ४० डॉलर, तेव्हाचे जवळजवळ २,९०० रुपये. एका खात्याला एकच, आणि नव्याने येणाऱ्या दोन वंशांना तो लागू नव्हता. अठ्ठावन्नच का? पुढच्या मुलखाचं दार त्या लेव्हलला उघडतं.

[दृश्य: मोबाइलवर व्हिडिओ कॉल. कारखान्याचा गणवेश घातलेला तरुण.]

हा त्याचा चुलतभाऊ, चाकणला नोकरीला. दोघांचं महिन्याचं सबस्क्रिप्शन याच्याच कार्डावरून जातं. लॉकडाउनमध्ये दोघांनी एकाच रात्री, एकाच गावातून खेळ सुरू केला होता. मग शिफ्ट सुरू झाली आणि दादाने बूस्ट घेतला. त्याचं म्हणणं आम्ही जसंच्या तसं ठेवतो.

"भो, मना जोडे टाइमच नही."

आठवड्याला दोन तास मिळतात. सोबतचे सगळे वर पोचलेले. त्या दोन तासांत रानडुकरंच मारत बसायचं का, असं तो विचारतो. प्रश्न खरा आहे. बारा तासांची ड्यूटी करून आलेल्याला "चालत ये" म्हणणं सोपं नाही.

इकडून उत्तर जातं: "रस्ताच तं गंमत शे, दादा."

आम्हाला हे उत्तर पटतं. रस्ता लांब ठेवणारी कंपनी तीच, आणि तो टाळण्याचे पैसे घेणारीही तीच. दादाला वेळ नाही हे खरं, पण त्यावर कमी तासांचा, त्याला जमेल असा खेळ बनवता आला असता. तसं न करता त्याला दुकान दाखवलं गेलं.

[स्क्रीन: गुहेच्या तोंडाशी एकटा योद्धा.]

बूस्टनंतर दोघं पुन्हा एकत्र खेळले नाहीत. एक ५८वर, एक ३४वर, आणि अर्ध्या वाटेवर सोबती मिळेनात. दादाचं ते पात्र आता पडून आहे.

आज हा ज्या सर्व्हरवर नव्या पात्राने खेळतो आहे तिथे कंपनी बूस्ट विकत नाही. खेळाडूच विकतात: एखादा मेज, म्हणजे जादूगार, अख्ख्या गुहेतले शत्रू अंगावर घेऊन मारतो, आणि सोनं देणारा दाराशी उभा राहून लेव्हल घेतो. यालाही तसे निरोप येतात. हा घेत नाही.

डेडमाइन्सला पाच जण लागतात. आत्ता चौघे आहेत. त्याचा योद्धा खाणीच्या वाटेवर खाली बसला आहे.

[दृश्य: बाहेर मोटरच्या पेटीवरचा दिवा लागतो.]

लाइट आली. तो चौघांना लिहितो, "दहा मिनिटं थांबा." टॉर्च घेतो, चपला घालतो.

[दृश्य: बागेतून जाणारा उजेड. मागे स्क्रीन तशीच चालू.]